बारावीनंतर इमेजिंग टेक्नॉलॉजी: पुढे काम मिळतं का?

कराडकर: बहिणीची यंदा बारावी सायन्स झाली. नीटचे गुण एमबीबीएसला पुरत नाहीत. बी.एस्सी. इमेजिंग (एक्स-रे, सीटी, एमआरआय काढायचं शिक्षण) करून सोनोग्राफी सेंटरवर काम करायचं तिच्या मनात आहे. आई रेडिएशनला घाबरते. जाणकारांनी सांगावं.

सीटीवाली ताई: दादा, आधी सोनोग्राफीचं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे आपल्याकडे प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्र, डॉक्टरच्याच हातात असतो. इंग्लंडमध्ये सोनोग्राफर ही वेगळी नोकरी आहे, इथे तो रस्ता नाही. हे तिला आजच सांगा.

मी कोल्हापुरात सीटीवर आहे. काम मिळतं, पण कुठल्या मशीनवर हात बसलाय त्यावर सगळं ठरतं. नुसता एक्स-रे काढणारे पुष्कळ आहेत. सीटी, एमआरआय किंवा कॅथलॅब (हृदयाच्या अँजिओग्राफीची खोली) एकटीने सांभाळणाऱ्या मुलीला हॉस्पिटलं सोडत नाहीत. म्हणून कॉलेजची इमारत बघू नका. ते कोणत्या हॉस्पिटलला जोडलंय, मुलं स्वतः पोझिशनिंग करतात, म्हणजे पेशंटला नीट उभं-झोपवतात, की कोपऱ्यात उभी राहून बघतात, हे तिथल्याच मुलांना गाठून विचारा. छातीच्या एक्स-रेला हात कमरेवर ठेवून खांदे पुढे घ्यायला लावायचे, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला होतात. हे पेशंट समोर असल्याशिवाय अंगात येत नाही. फिल्म बिघडली की पुन्हा काढावी लागते आणि पेशंटला विनाकारण रेडिएशनचा दुप्पट डोस जातो. मला त्याचा फार राग येतो.

आईंना सांगा, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलीसीव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. अंगावर लावायचा, रेडिएशन नोंदवणारा टीएलडी बिल्ला दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. तो ड्रॉवरमध्ये टाकून काम करणाऱ्यांचं तिने ऐकू नये. एमआरआयमध्ये एक्स-किरण नसतातच. तिथे सांभाळायचं ते चुंबकाला. तो रात्रीही चालू असतो, लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आत नेला तर थेट खेचला जातो.

फिजिक्सवाला: तिला गणित-फिजिक्स आवडत असेल तर अजून एक वाट आहे. एम.एस्सी. फिजिक्सनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम. वेळ जास्त लागतो.

कराडकर: ताई, रात्रपाळी चुकवता येते का?

सीटीवाली ताई: मोठ्या हॉस्पिटलात नाही. अपघाताचे, पक्षाघाताचे पेशंट रात्रीही येतात आणि डॉक्टर आपल्याच इमेजवर ठरवतात. घरापासून जाण्यायेण्याची सोय आधी बघा.