जुन्या शॉपिंग कॉम्प्लेक्सचं नूतनीकरण आणि खाद्यपदार्थांची नवी दुकानं: सुरुवात कुठून करावी?

कॉम्प्लेक्स_सचिव (पुणे)

नमस्कार मंडळी. आमचं कॉम्प्लेक्स १९९२ चं आहे, तळमजला अधिक दोन मजले. मध्ये उघडा चौक, एकूण ४८ गाळे. गाळे १८० ते ३०० चौरस फुटांचे असून प्रत्येकाचा मालक वेगळा. झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती आणि कपड्यांची दुकानं ऑनलाइन खरेदीमुळे एकेक करून बंद झाली. आज १७ गाळ्यांची शटर खाली आहेत, त्यातले बरेच पहिल्या मजल्यावरचे. आजूबाजूला वस्ती दाट आहे, पण चांगली डेअरी, बेकरी, फरसाण किंवा बसून खाण्याची जागा एक किलोमीटरच्या आत नाही.

सभासदांचा आग्रह आहे की आधी दर्शनी भागाला क्लॅडिंग (भिंतीवरचं सजावटीचं आवरण) आणि नवे बोर्ड लावू, गिऱ्हाईक आपोआप येईल. दोन खाद्य ब्रँडची माणसं जागा बघून गेली आणि परत आली नाहीत. खर्च टप्प्याटप्प्याने करावा लागणार आहे. कामांचा क्रम काय असावा आणि भाडेकरूंशी करार कसा करावा, हे जाणकारांनी सांगावं.

स्ट्रक्चर_प्लंबिंग

सचिव साहेब, क्लॅडिंग सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर डक्ट (धूर बाहेर नेणारा पत्र्याचा मार्ग) आणि पाइपांसाठी तेच फोडावं लागेल.

पहिलं काम स्ट्रक्चरल ऑडिट. इमारतीला ३० वर्षं उलटली की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ते करावंच लागतं. पण फक्त प्रमाणपत्र हातात घेऊन थांबू नका. इंजिनियरला स्पष्ट विचारा: कोणत्या गाळ्याच्या स्लॅबवर स्वयंपाकघर चालेल आणि कोणत्या नाही?

हे विचारण्यामागे कारण आहे. दुकानाचा स्लॅब सपाट असतो, बाथरूमसारखा खाली घेतलेला नसतो. मग मोरीची पाइप लपवायला भाडेकरूचा कंत्राटदार १५० मिमी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून फरशी वर उचलतो. त्या भरावाचं वजन दर चौरस मीटरला पावणेतीनशे किलोच्या आसपास जातं. किरकोळ दुकानासाठी भारतीय मानकात चल भार (माणसं आणि सामानाचं वजन) धरलेला असतो चौरस मीटरला ४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ४०० किलो. म्हणजे दोन तृतीयांश क्षमता भरावातच संपली. त्यावर फ्रीज, भट्टी, पाण्याची टाकी आणि माणसं अजून यायचीच आहेत. शंभर चौरस फुटांच्या स्वयंपाकघरात हा भराव अडीच टनांचा होतो. तिथे हलके एएसी ब्लॉक (हवेच्या पोकळ्या असलेले सिमेंटचे ठोकळे) वापरले तर वजन टनाच्या आत राहतं. मात्र हे ब्लॉक पाणी शोषतात, त्यामुळे वॉटरप्रूफिंग भरावाच्या खाली आणि वर असं दोन्ही थरांत हवं. ते भिंतीवर किमान ३०० मिमी चढवायचं, पाणी तुंबवून ७२ तास ठेवायचं आणि खालच्या गाळ्याच्या छतावर ओल उमटते का ते बघायचं. फरशी त्यानंतरच.

सोपा मार्ग सांगतो. शिजवणारे गाळे तळमजल्यावर, मागच्या भिंतीला लागून ठेवा. पहिल्या मजल्यावर ज्यांना मोठी मोरी लागत नाही असे व्यवसाय घ्या.

दुसरा घोळ ड्रेनेजचा. तुमच्या काळातल्या इमारतींत ७५ मिमीच्या बिडाच्या लाइन असतात. तेलकट पाणी त्यात गेलं की सहा महिन्यांत लाइन तुंबते. स्वयंपाकघरांसाठी ११० मिमीची वेगळी लाइन टाका. उतार १:५० ठेवा, म्हणजे दहा मीटरला २०० मिमी. ७५ मिमीचा व्हेंट (लाइनमध्ये हवा येऊ देणारा) पाइप विसरू नका. तो नसेल तर ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीखालच्या वाकड्या नळीतलं, पाणी ओढलं जातं आणि गटाराचा वास थेट काउंटरपर्यंत येतो. संडासाची लाइन यात कुठेही मिळता कामा नये.

प्रत्येक सिंकखाली ४०–५० लिटरचा छोटा ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी टाकी) आणि बाहेर सगळ्यांसाठी तीन कप्प्यांचा मोठा. हिशेब असा: सहा स्वयंपाकघरं, गर्दीच्या वेळी प्रत्येकाचं मिनिटाला १० लिटर, मिळून ६०. पाणी अर्धा तास तरी थांबायला हवं, म्हणजे १८०० लिटर. तेल आणि गाळ मिळून खोलीच्या पाव भागापर्यंत आले की उपसायचं. कामगार उकळतं पाणी किंवा केमिकल ओततात, त्याने तेल फक्त पुढे सरकतं आणि पुढच्या चेंबरमध्ये थंड होऊन मेणासारखं घट्ट बसतं. उपसा करायची जबाबदारी सोसायटीने स्वतःकडे ठेवावी आणि खर्च मेंटेनन्समध्ये लावावा. भाडेकरूंवर सोडलं तर कुणीच करत नाही.

हूड_डक्टवाला

वरच्या मताशी सहमत. ब्रँडची माणसं परत का आली नाहीत, याचं उत्तर बहुतेक एक्झॉस्टमध्ये आहे. खाद्यवाला गाळ्यात शिरला की आधी वर बघतो: धूर कुठून काढू?

तुमच्याकडे उघडा चौक आहे, तिथे मोठा मोह होतो. हूडचं (शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या झाकणाचं) तोंड चौकात सोडलं की काम झालं असं वाटतं. पण तीन मजली चौक चिमणीसारखाच चालतो आणि महिनाभरात पहिल्या मजल्यावरच्या साड्यांना तळणाचा वास लागतो. ते दुकानदार मग तक्रारी करतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. डक्ट मागच्या बाजूने गच्चीवर न्या.

एका गाळ्याचं गणित देतो. दोन शेगड्या आणि एक फ्रायर मिळून ६ फूट बाय अडीच फुटांचा ओटा. हूड दोन्ही बाजूंना आणि पुढे सहा-सहा इंच जास्त, म्हणजे ७ बाय ३, एकवीस चौरस फूट. चौरस फुटाला १०० प्रमाणे २१०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढावी लागते. त्याला १४ बाय १४ इंचांचा डक्ट बरोबर बसतो, हवेचा वेग मिनिटाला दीड हजार फुटांच्या जवळ राहतो. जागा वाचवायला १० इंची गोल पाइप टाकला तर वेग ३८०० च्या वर जातो. पंखा ओरडतो पण धूर हूडच्या कडेने खोलीतच सांडतो. मग मोठी मोटर बसवतात. आवाज आणखी वाढतो आणि आजूबाजूचे रहिवासी महापालिकेत अर्ज देतात.

डक्ट १६ गेजच्या काळ्या पत्र्याचा, सांधे वेल्डिंगचे. रिबिट मारलेल्या पातळ जीआय पत्र्याच्या सांध्यांतून तेल ठिबकतं. आडव्या भागाला हूडकडे उतार, प्रत्येक वळणावर साफसफाईची झडप. हूडमध्ये बॅफल फिल्टरच (आडव्या-वाकड्या पट्ट्यांचा) लावा. जाळीच्या फिल्टरमधून ज्वाळा सरळ डक्टमध्ये जाते. जेवढी हवा बाहेर काढाल त्याच्या ८० टक्के ताजी हवा आत द्या, नाहीतर स्वयंपाकघर शेजारच्या जागेतली एसीची थंड हवा ओढतं आणि दार उघडायला जोर लावावा लागतो. प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र डक्ट उत्तम. सामायिक डक्ट केलाच तर पंखा गच्चीवरच ठेवा, म्हणजे पूर्ण डक्टमध्ये ओढ राहते. पंखा खाली ठेवलात तर एकाचा धूर दुसऱ्याच्या बंद हूडमधून बाहेर येतो.

गॅस: पाइप गॅस मिळत असेल तर तोच घ्या. सिलिंडरच वापरायचे तर परवान्याशिवाय एकूण १०० किलोची मर्यादा आहे, म्हणजे १९ किलोचे पाच. तळघरात किंवा पोटमाळ्यावर एकही नको. गॅस डिटेक्टरची उंची लोक हमखास चुकतात: एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूटभर, पाइपचा गॅस हलका, म्हणून छताजवळ. एलपीजीवरून पाइप गॅसवर गेलात तर डिटेक्टरही त्या गॅसचा बसवून वर न्यावा लागतो, जुना तसाच ठेवून चालत नाही. तळण्याच्या ठिकाणी के क्लासचं (तेल-तुपाच्या आगीसाठीचं) अग्निशामक हवं. पेटत्या तेलावर पाणी कधीही नाही.

२९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागून १४ जण गेले. गच्चीवर बांबू-कापडाचं छप्पर आणि चिंचोळी वाट, ही जोडी कुठल्याही भाडेकरूला करू देऊ नका, तो कितीही भाडं देवो.

कॉम्प्लेक्स_सचिव (पुणे)

दोघांचे मनापासून आभार. विजेचं कसं बघायचं? बहुतेक गाळ्यांना दोन-तीन किलोवॅटचाच मंजूर भार आहे. आणि १७ बंद गाळ्यांचे ११ मालक आहेत, प्रत्येकजण स्वतंत्र एजंटशी बोलतोय.

भाडेकरार_सल्ला

वीज आधी. समजा १४ गाळे खाद्यपदार्थांना दिले: चार शिजवणारे, प्रत्येकी १८ किलोवॅट, चार बेकरी-ज्यूस-कॉफीचे, प्रत्येकी ८, सहा डेअरी-फरसाण-सुकामेव्याचे, प्रत्येकी ५. बेरीज १३४. सगळं एका वेळी चालत नाही म्हणून ०.७ ने गुणा, ९४ किलोवॅट. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.९ धरला तर १०४ केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक). एवढा वाढीव भार महावितरणकडे एकत्र मागा. ट्रान्सफॉर्मरला जागा द्यावी लागली तर पार्किंगची कोणती जागा जाईल हे आराखड्यात आत्ताच ठरवा. एकेक भाडेकरू सुटा अर्ज करत गेला की पहिल्या चौघांना भार मिळतो आणि पाचव्याच्या वेळी काम अडतं. डीप फ्रीझर असलेल्या गाळ्यांतली गरम हवा पॅसेजमध्ये सोडू देऊ नका, मे महिन्यात तिथून चालवत नाही.

आता मालक. अकरा जणांनी अकरा एजंट धरले की शेजारी-शेजारी तीन चहावाले येतात आणि वर्षात दोघे बंद पडतात. अकराही जणांत लेखी करार करा: भाडेकरू निवडायचा अधिकार एका छोट्या समितीला, गाळे जमतील तसे जोडून द्यायचे, भाड्याची वाटणी कार्पेट क्षेत्र आणि मजल्याच्या भारांकाने (कोणत्या मजल्याला किती महत्त्व हे ठरवणाऱ्या गुणकाने). हे पटवायला वेळ लागतो, पण याशिवाय पुढचं काही टिकत नाही.

पहिल्या फेरीत डेअरी, बेकरी, भाजी-फळं आणि फरसाण आणा. यांना हूड लागत नाही, मोरी छोटी, दुरुस्तीचा खर्च कमी. आणि दुधामुळे सकाळी सहाला शटर उघडतं. रोज येणारं हे गिऱ्हाईक दिसलं की जेवणाची जागा चालवणारा आपणहून विचारतो. मात्र पहाटे पाचला दुधाचा टेम्पो कुठे थांबेल आणि गेटची किल्ली कुणाकडे असेल, हे करारातच लिहा.

ब्रँडला भेटायच्या आधी प्रत्येक गाळ्याचं एक पानी माहितीपत्रक करा: कार्पेट क्षेत्र, बीमखालची उंची, मंजूर किलोवॅट, ड्रेन पॉइंटची जागा आणि व्यास, डक्टचा मार्ग, गॅस, माल उतरवायची वेळ. सोबत सात दिवसांची पायी येणाऱ्यांची मोजणी, रविवार धरून, सकाळी सात ते रात्री दहा. चकचकीत पुस्तिकेपेक्षा त्यांच्या प्रोजेक्टवाल्याला हे पान जास्त उपयोगी पडतं.

करारात फिट-आउटसाठी (आतली मांडणी-जोडणी करायला) ४५ ते ६० दिवस भाडं माफ, सहा महिन्यांचं डिपॉझिट, वर्षाला ५ टक्के वाढ, किमान दोन-तीन वर्षं लॉक-इन (तोवर करार मोडता येत नाही). नव्या भाडेकरूला किमान भाडं अधिक विक्रीचा टक्का असं दिलंत तर सुरुवातीचा ताण कमी होतो. मात्र बिलिंगचा मासिक रिपोर्ट मागायचा हक्क लिहून घ्या. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत, नोंदणी सक्तीची. महिना ४०,००० भाडं आणि २,४०,००० परत मिळणारं डिपॉझिट असेल तर मुद्रांकाचा हिशेब: भाडं २४ लाख, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी पाच वर्षांचे १,२०,०००, एकूण २५,२०,००० वर ०.२५ टक्के, म्हणजे ६,३०० रुपये. वाढ धरली तर थोडा जास्त.

जीएसटीवर बोलणी अडतात, म्हणून आधीच समजून घ्या. भाड्यावर १८ टक्के. पण ५ टक्क्यांत बसणाऱ्या रेस्टॉरंटला त्याची वजावट मिळत नाही. ४०,००० चं भाडं त्याला ४७,२०० ला पडतं. तो हाच आकडा धरून घासाघीस करणार. मालक नोंदणीकृत नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर नोंदणीकृत भाडेकरूला रिव्हर्स चार्जने (मालकाऐवजी स्वतः सरकारला) भरावा लागतो; कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या) भाडेकरूला त्यातून वगळलं आहे. सीएला विचारूनच आकडा तोंडातून काढा.

गाळेधारक_ठाणे

दोन राहिलेल्या गोष्टी. ओला कचरा: बारा दुकानांचा रोज १५ किलो धरला तरी १८० किलो होतो आणि १०० किलोच्या वर गेलं की मोठे कचरा निर्माते म्हणून प्रक्रियेची जबाबदारी तुमच्यावर येते. कचऱ्याची खोली ड्रेनजवळ, टाइल लावलेली, धुता येईल अशी हवी, जिन्याखाली नको. आणि अग्निशमनाचा बी फॉर्म (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून भरून घ्यायचा. त्या तपासणीच्या दिवशीच प्रत्येक स्वयंपाकघराच्या डक्टची झडप उघडून आत टॉर्च मारा. बोट फिरवल्यावर थर जाणवला तर सफाई होईपर्यंत ती शेगडी बंद ठेवायचा अधिकार समितीला करारातच द्या.