सहा महिन्यांच्या खंडानंतर थेट तबाता करावा का?

प्रश्न: व्यायाम सहा महिने बंद आहे. रोज चार मिनिटांचा तबाता (थोडा वेळ जोरदार व्यायाम, मग थोडी विश्रांती, अशा फेऱ्या) पुरेल का? की दहा हजार पावलं बरी? उत्साह टिकवायचा कसा?

प्रतिसाद १: रोज तबाता नकोच. जपानी संशोधक इझुमी तबातांच्या १९९६ च्या प्रयोगात २० सेकंद जोरदार व्यायाम, १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या होत्या, पण स्थिर सायकलवर आणि तंदुरुस्त तरुणांकडून. तोच वेग उड्यांमध्ये आणला की दमल्यावर गुडघे आत झुकतात, कंबर सैल पडते आणि दुखापत होऊ शकते. शिवाय दम लवकर सुधारतो, कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे पट्टे) मात्र सावकाश मजबूत होतात. म्हणून पहिले चार आठवडे फक्त भरभर चाला: ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग.

प्रतिसाद २: दहा हजारांचा आकडा १९६५ च्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्यात अडकू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. हे दोन दिवस लोक हमखास गाळतात! खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून जोर, प्रत्येकी १० च्या दोन फेऱ्यांनी सुरुवात करा.

प्रतिसाद ३: दात घासले की लगेच बूट, अशी सवयीला सवय जोडा. कंटाळा आला तर दहाच मिनिटं करा, पण सलग दोन दिवस खाडा नको. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.