शाळकरी खेळाडू, पावसाळा आणि अंगावरचे चट्टे: तुमचे अनुभव लिहा

सर_डिचोली

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये पीई शिकवतो. फुटबॉल आणि कबड्डी, दोन्ही संघ माझ्याच गळ्यात. पावसात सराव सुरू झाला की मैदान म्हणजे नुसता तांबडा चिखल, आणि चवथ (गणेशचतुर्थी) येईपर्यंत निम्म्या पोरांच्या कमरेला, जांघेत, मानेवर गोल चट्टे उठलेले. खाजवतात, पण बोलत नाहीत. सांगितलं तर सर बाहेर बसवतील ना!

पाय मुरगळला तर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. कातडीच्या रोगाचं तसं नाही. कोणी करंजेल सांगतो, कोणी चक्क फिनाईल. म्हणून हा धागा. घरी, शाळेत, मैदानावर काय केलंत, कशाचा गुण आला, कशाचा नाही, ते लिहा. मुलांची आणि शाळांची नावं नकोत. फोटो तर मुळीच नकोत.

सुरुवात मीच करतो. आमच्याकडे मूळ सापडलं ते बिबांत. सरावाला दोन बाजू पाडायच्या म्हणून जर्सीवर चढवायची ती जाळीची रंगीत बिबं. संध्याकाळी ओलीचिंब तशीच पिशवीत कोंबायची, दुसऱ्या दिवशी जो हात घालील त्याच्या अंगावर कालच्या कोणाचा तरी घाम. पिशवीचं तोंड सोडलं की शेजारच्या वर्गाची खिडकी बंद व्हायची, असा वास. आता प्रत्येकाला एक बिब कायमचं देऊन टाकलंय, मार्करने नंबर घालून. धुणं ज्याचं त्याच्या घरी. विसरला तर त्याने घरचा टीशर्ट उलटा घालून खेळायचं.

फोंड्याची_आई

मुलगा नववीत, फुटबॉल खेळतो. जांघेत चट्टा आलाय हे मला बरेच दिवस कळलंच नाही, कारण टीममध्ये एक ट्यूब फिरत होती. एके दिवशी किटबॅग धुवायला काढली तेव्हा हाती लागली: मधोमध पिळलेली, टोपणाचा पत्ता नाही, तोंडाला माती. कोणाच्या तरी दादाने फार्मसीत नुसतं "खाजेची क्रीम द्या" म्हणून आणलेली. लावली की दोन दिवसांत खाज बंद. थांबवली की दुपटीने परत. असं करत करत चट्टा मांडीवर उतरला, त्याची ती ठसठशीत गोल कड पुसली गेली आणि कातडीवर जांभळट रेघा दिसायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. क्लोबेटासोल, म्हणजे जहाल स्टिरॉइड, आणि सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. स्टिरॉइडने सूज आणि खाज दबते, पण कातडीची बुरशीशी चाललेली झटापटही तिथेच थंडावते. पोराला वाटतं बरं झालं, बुरशी मजेत वाढत राहते. 2018 मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, असंही त्या म्हणाल्या. आमच्या नाक्यावरच्या फार्मसीला ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

मग पोटातून गोळ्या, साधी बुरशीची क्रीम, तीही चट्ट्यावरच नव्हे तर भोवतीच्या दोन बोटं चांगल्या कातडीवरही. चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे दोन आठवडे चालूच. हे शेवटचं पोरांच्या गळी उतरवणं सगळ्यात कठीण. "आई, गेला ना आता!" आणि हो, घरातल्या सगळ्यांना तपासा म्हणाल्या. तपासलं तर ह्यांच्या कमरेलाही होता. लेकाकडून बापाला की बापाकडून लेकाला, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

पेडण्याचो_रेडर

सर, कबड्डीवाल्यांसाठी एक. सामन्याला अंगाला तेल किंवा कसलंही बुळबुळीत लावून उतरता येत नाही, आणि नखं कापलेली हवीत, हा खेळाचाच नियम. म्हणून सामन्याच्या सकाळी मलम चोपडून येऊ नका, पंच पुसायला लावतात. रात्री लावा. नखांचा नियम मात्र सरावालाही पाळा. पकडीत ओरखडे उठतात आणि तिथूनच पुळ्यांना वाट मिळते.

वाळपईकरीण

औषधाचं डॉक्टर बघतील, मी कपड्यांचं सांगते. सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन नसतं. शॉर्ट्स वरून सुकलेल्या वाटतात, पण इलॅस्टिकच्या आत बोट घालून बघा, दमट असतात. आणि चट्टे कुठे येतात? कमरेला, इलॅस्टिकच्या रेघेवरच.

मी जर्सी, शॉर्ट्स, मोजे रात्री गरम पाण्यात साबण घालून भिजवते, पिळून पंख्याखाली टाकते आणि सकाळी आतली बाजू बाहेर काढून इस्त्री फिरवते. शिवणीवर आणि पट्ट्यावर जरा दाबून. जर्सीचं कापड नायलॉनसारखं असतं, इस्त्री फार तापवू नका. माझ्या बहिणीने एक जर्सी इस्त्रीलाच चिकटवून घेतली, मग पूर्ण सीझनभर पाठीवरचा 9 चा 0 दिसत होता. दोन जोड कपडे असले तर निम्मा त्रास वाचतो. दोन जोड घेणं सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं.

बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे. झोपायच्या आधी एकदा बदलायचे, पहिले तर लगेच भिजतात. पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्याशिवाय मोजे चढवू द्यायचे नाहीत. चिखल्या झाल्या की चालणं मुश्कील, खेळणं दूरच. आणि तोच टॉवेल पायाला आणि मग जांघेला वापरला की पायाची बुरशी वर चढते. अंडरवेअरच्या आधी मोजे घालायचे, ही युक्ती आमच्या डॉक्टरांची. पोरगा हसला, पण करतो.

सासूबाईंचा उपाय वेगळा. "टायकिळ्याचो (टाकळ्याचा) रोस लाय, दोन दिसांनी वतलो (जाईल)." पावसात परसात टायकिळा उदंड. मी भाजी करते, वरून खोबरं घालून. चट्ट्याला मात्र क्रीमच.

त्वचेचा_डॉक्टर (उत्तर गोवा)

आधी ओळखायचं कसं ते. कडेला लालसर, उंचावलेला, मध्ये निवळत जाणारा गोल चट्टा बहुतेक वेळा गजकर्णाचा. मधासारखी पिवळी खपली धरलेल्या पुळ्या, विशेषतः नाकातोंडाभोवती, म्हणजे इम्पेटायगो. तो जंतूंचा, त्याला अँटिबायोटिक लागतं आणि तो गजकर्णापेक्षा कितीतरी झपाट्याने पसरतो. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतात. पुळ्यांनंतर काही आठवड्यांत तोंड सुजलं किंवा लघवी कोका-कोलासारखी काळपट झाली तर थांबू नका. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, घरात आणखी कोणी खाजवतंय, ही खरूज. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायापर्यंत लावायचं. एकट्या खेळाडूला लावून काही होत नाही.

दुर्लक्षित राहतो तो हर्पीज. दुखऱ्या जागेवर बारीक पाणीदार फोडांचा घोस, चेहऱ्यावर किंवा मानेवर. कुस्ती, ज्युदो, कबड्डी, जिथे कातडीला कातडी घासते तिथे तो फिरतो. 1989 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या शाळकरी कुस्तीगिरांच्या शिबिरात 175 पैकी 60 मुलांना झाला होता. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

किती दिवस बाहेर बसवायचं? अमेरिकन हायस्कूल कुस्तीत अंगावरच्या गजकर्णाला औषध सुरू होऊन 72 तास आणि डोक्यातल्या गजकर्णाला पोटातल्या औषधाचे 14 दिवस, असा दंडक आहे. सर, हे मुलांना सांगा. तीन दिवस म्हटलं की मुलं दाखवतात. "बरं होईपर्यंत बाहेर" म्हटलं की लपवतात. 72 तासांनी रोग बरा होत नाही, दुसऱ्याला लागण्याचा धोका तेवढा कमी होतो. औषध पुढे चालूच.

कुडचड्याचा_बाप

लपवण्याबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो. माझ्या मुलीच्या पाठीवर शिबं आहेत, फिकट ठिपके. ती एकमेकांना लागत नाहीत. तरी तालुका स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर "तुला स्किन डिसीज आहे" म्हणून तिला संघातून काढलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो तोवर यादी गेलेली. आता ती पोहायला गेली तरी टीशर्ट घालते. खेळाडूला बाजूला घेऊन बोलायला किती वेळ लागतो हो?

सर_डिचोली

वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे दर सोमवारी सरावाआधी प्रत्येकाशी एकेकटं बोलणं होतं. मुलींचं बाई बघतात. कोणाला काय आहे ते वहीत लिहीत नाही. वही पोरांच्या हाती लागतेच.

माशेलची_खोखो

बाई बघतात हे फार बरं. मी शाळेत खो-खो खेळायचे. आमच्या वेळी फक्त सर होते, आणि जांघेत खाज येते हे सरांना सांगायचं? मेले तरी नाही! आम्ही मुली एकमेकींनाच विचारायचो आणि एकमेकींचाच पावडरचा डबा वापरायचो. पावडरीने काही गेलं नाही.

दुसरी गोष्ट आंघोळीची. सगळे सांगतात खेळून झालं की लगेच आंघोळ. कुठे? शाळेत एक नळ, आणि बालरथ (शाळेची बस) चुकला तर घरी न्यायला कोणी नाही. ओल्या जर्सीतच तासभर बसून जायचं. आता मी मुलींना शिकवते तेव्हा एवढंच मागते: पिशवीत कोरडा टीशर्ट, कोरडी आतली वस्त्रं आणि स्वतःचा नॅपकिन. नळावर हात, मान, पाय साबणाने धुवायचे आणि कपडे बदलूनच बालरथात चढायचं. ओलं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरी पोचल्याबरोबर बाहेर. रात्रभर तिथेच राहिलं तर उपयोग शून्य.

टर्फवर_गुडघे

म्हापशात धुळेरच्या स्टेडियमवर पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळलो तेव्हा कळलं की स्लाइड मारली की कातडी सोलून निघते. मातीत खरचटतं ते वेगळं, हे भाजल्यासारखं. अशा जखमा उघड्या ठेवू नका. 2003 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सेंट लुईस रॅम्स संघात 58 पैकी 5 खेळाडूंना नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफ जंतूंची गळवं झाली, सगळी टर्फवर सोललेल्या जागीच. तपासात आढळलं की एकेक टॉवेल तिघं-तिघं वापरत होते. कोट्यवधींचे खेळाडू आणि टॉवेल उसना!

आम्ही नळाखाली साबणाने धुतो, ड्रेसिंग करतो, वर मोजा ओढतो. हळद भरत नाही. भरली की आत माती राहिली का तेच दिसत नाही.

मॅटवाला

ज्युदो शिकवतो. मॅट रोज पुसतो, नुसत्या पाण्याने नाही. लिटरभर पाण्यात 5 टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) 20 मिली, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुसून सुकवायचं. आधी धूळ-घाम साबणाने काढून घ्या, मळावर हायपोचं काही चालत नाही. द्रावण रोज ताजं, खिडक्या उघड्या, आणि संडासाच्या ॲसिडबरोबर चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मॅटवर चपला बंद. संडासात अनवाणी जाऊन परत मॅटवर येणं त्याहून बंद.

गोलकीपरची_ताई

एक शंका. भावाचे गोलकीपर ग्लोव्हज शाळेचे, तिघं कीपर एकच जोडी वापरतात. धुवायचे तर फोम खराब होईल म्हणतात. काय करावं?

वाळपईकरीण

कोमट पाण्यात साधा साबण, हलक्या हाताने दाबून. पिळायचे नाहीत, इस्त्री नाही, उन्हात नाही. पंख्यासमोर बोटं वर करून टांगा. आत प्रत्येकाने स्वतःचे पातळ सुती हातमोजे घालावेत, ते रोज धुता येतात.

सर_डिचोली

सुती हातमोज्यांचं उद्याच करतो. आमच्याकडेही दोघांत एकच जोडी आहे.