वंशावळ विचारली की भाऊबंद दार का लावतात?

तेरणाकाठ:
काल इथं एकानं लिहिलं, "मेलेल्यांची नावं गोळा करणारे रिकामटेकडे. घरच्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवावं." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचा वाडा बसला. आज्जी गेली, पेटीतले कागद मातीत गेले. आता जे आहे ते माणसांच्या तोंडी. थोरले चुलते पंच्याऐंशीचे. विचारलं की एकच, "कशाला उकरायलास?" ते गेल्यावर मी कुणाला विचारू?

गोदाकाठ:
ते मीच लिहिलंय आणि मागं घेणार नाही. आमच्याकडं एक चुलतभाऊ असाच वही घेऊन आला होता. वंशावळीचं काम म्हणून माझ्या बापाच्या सह्या नेल्या आणि सहा महिन्यांनी वाटणीच्या दाव्याची नोटीस आली. दुसरं, माझा आजा १९४८ च्या सप्टेंबरात, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, घरदार सोडून रानात लपला होता. त्या दिवसांबद्दल तो मरेपर्यंत बोलला नाही. गप्प राहणं हा त्याचा हक्क होता.

मोडीवाचक:
सगळं चुलत्यांच्या तोंडूनच कशाला हवं? तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमीन कुणाची त्याची जुनी नोंद, मागा. त्याच्या मागचं निजामाच्या काळातलं, उर्दूत. साल फसली, म्हणजे तेव्हाचं महसुली, असतं; साधारण ५९० मिळवले की इसवी सन. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या वह्याही बघा. आणि एक सांगतो. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समिती मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायला लागली, तेव्हा मला वेड्यात काढणारेच रात्री दहाला फोन करायला लागले, "पणजोबाचं नाव पाठव की."

गोदाकाठ:
बघा, म्हणजे कामापुरतीच वंशावळ.

लातूरची लेक:
तुमचं पणजोबा-खापरपणजोबा चालू द्या, पण त्यात बाई कुठंय? आमच्या भावकीनं वंशावळ छापली. चौसष्ट नावं, सगळी पुरुषांची. माझी आत्या त्या घरात जन्मली, तिथं शेणगोठा केला, आणि कागदावर तिचा मागमूस नाही. तिच्याकडून हक्कसोड मात्र बरोबर आठवणीनं लिहून घेतलं, एका लुगड्यावर!

गोदाकाठ:
आला का हिस्सा? हेच म्हणत होतो मी. विषय वंशावळीचा आणि बाई निघाल्या सातबाऱ्यावर.

लातूरची लेक:
नीट वाचा. मी नाव म्हणाले, तुम्हाला जमीन ऐकू आली. आणि जमिनीचंच बोलायचं तर ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जितात लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० ला सांगितलं. वंशावळीतून लेक गाळली की वारसात ती दाखवायला नको, म्हणून गाळतात. चुकून राहत नाही ती.

गोदाकाठ:
माझ्या बहिणींनी राजीखुशीनं सोडलंय. कुणावर जबरदस्ती नव्हती. न ओळखता आमच्या घरावर बोलू नका.

लातूरची लेक:
राजीखुशी! सोडलं नाही तर माहेर तुटतं, हे तिला ठाऊक असतं. माझ्या आत्यानं अंगठा दिला आणि चुलीपुढं बसून रडली. मी आठ वर्षांची होते, शेजारी होते.

मोडीवाचक:
दोघंही जरा दमानं घ्या. तेरणाकाठचा प्रश्न राहिला बाजूला.

तेरणाकाठ:
राहिला नाही. लेकताईंचं वाचून मला लाज वाटली. चार वर्षांत मी एकाही आत्याला विचारलं नव्हतं. काल औशाला धाकट्या आत्याकडं गेलो. वही पिशवीतच ठेवली, शेंगा सोलू लागलो. तिनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. त्यात तिच्या आईचं माहेर, मामांची नावं, लहानपणी गेलेला एक भाऊ. तो भाऊ कुठल्याच कागदावर नाही. चुलत्यांना ते नाव सांगितलं, तर ते उठून आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, "तो माझ्या पाठचा."

गोदाकाठ:
हिस्स्याचं मला पटलेलं नाही, पटणारही नाही. सह्या मागणाऱ्याला मी आजही दारात उभं करणार नाही. पण रात्री आईला तिच्या आज्जीचं नाव विचारलं. सत्तर वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणाली. नाव लिहून ठेवलंय. इथं टाकणार नाही.