बहिणीची बस बंद करू नका, भाऊ

गोदाकाठची:
परवा इथं एका भावानं लिहिलं होतं. बहिणीला चालत्या बसमध्ये पॅनिक अटॅक आला, दवाखान्यात सगळं नॉर्मल निघालं, तरी घरच्यांनी ठरवलं की सहा महिने तिनं एकटीनं बाहेर पडायचं नाही. बस बंद, नोकरीचा राजीनामा, रात्री खोलीत कुणीतरी सोबतीला. वर सल्लाही दिलाय, "जिथं अटॅक आला तिथं परत पाऊल ठेवायचं नाही, म्हणजे परत येत नाही." खाली सगळ्यांनी हात जोडले, असा भाऊ सगळ्यांना मिळो म्हणून. दोन दिवस गप्प बसले, आता राहवेना म्हणून लिहायलेय.

भाऊ, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण तुम्ही जे करायलात त्यानं तिची भीती वाढणार आहे. मी भोगलंय म्हणून सांगते.

मला आला तो परभणी-गंगाखेड गाडीत, पोखर्णीच्या अलीकडं. खिडकीची जागा होती, गर्दी नव्हती, डोक्यात टेन्शन नव्हतं. घरी जाऊन मेथी निवडायची एवढाच विचार. एकदम छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, घशात कुणी बोळा कोंबल्यासारखं झालं. पुढच्या सीटचा दांडा इतका गच्च धरला होता की तळहाताला रात्रीपर्यंत गंजाचा वास येत होता. मुठीतल्या अर्ध्या तिकिटाचा घामानं लगदा झाला. कंडक्टरनं गाडी थांबवली. एका आजीनं उतरवून लिंबाखाली बसवलं, पदरानं वारा घातला. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, सगळं बरोबर निघालं.

त्रास खरा पुढं झाला. नवरा रोज मोटरसायकलवर शाळेत सोडायला लागला. सासूबाई माझ्या खाटेशेजारी अंथरूण टाकायच्या आणि मी कूस बदलली तरी "काय होतंय गं?" विचारायच्या. मी दिवसातून वीसदा मनगटाला बोटं लावून ठोके मोजायची. जिना चढून छाती धडधडली की वाटायचं, आला! आधी बस सुटली, मग आठवडी बाजार, मग मावशीच्या नातवाचं बारसं. पाच आठवड्यांत माझं जग शाळा आणि घर एवढंच उरलं. आणि त्या पाच आठवड्यांत अटॅक एकदाही आला नव्हता. तो येईल या धाकानंच मला घरात बसवलं होतं.

मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. अंगात धोक्याची घंटा असते, ती कारण नसताना वाजली. साधारण दहा मिनिटांत ती टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते, आपण काही केलं नाही तरी. पण दरवेळी आपण उतरून पळालो, तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. त्यांनी मला दवाखान्याचाच जिना दोनदा भराभर चढायला लावला. वर पोचल्यावर म्हणाल्या, "बघा, तीच धडधड. काही झालं का?" मग ठरवून बस धरली. आधी नवरा शेजारी, मग तो मागच्या सीटवर, मग मी एकटी. एकटीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं. दांडा धरून बसून राहिले, उतरले नाही. पोखर्णी मागं गेली आणि ओसरलं. त्या दिवशी गंगाखेडच्या स्टँडवर उभी राहून मी मोकळेपणी रडले.

तिची नोकरी घालवू नका, हात जोडून सांगते.

दुधनाकाठ:
ती पोस्ट माझी. ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, मास्तरीण आहात, तुम्हाला जमलं. आमचा बाप रानात छातीला हात लावून बांधावर बसला. सगळे म्हणाले गॅस आहे. ओवा चावायला दिला, पोटावर हिंग लावला. तालुक्याला नेईपर्यंत संपलं होतं. जीप मी चालवत होतो. आता बहीण छातीला हात लावते तेव्हा मी काय म्हणू? दहा मिनिटं थांब, आपोआप उतरंल? तुमचं लिहिलेलं वाचून उद्या कुणी खरा हार्ट अटॅक घरात दाबून ठेवला तर जिम्मेदार कोण?

गोदाकाठची:
भाऊ, वडलांचं वाचून हात थांबला. तुमचं हे म्हणणं मला मान्य आहे आणि ते मीच आधी लिहायला हवं होतं. पहिल्यांदा असं झालं की सरळ दवाखाना, ईसीजी, तिथं घरगुती अंदाज चालत नाही. पुढंही दुखणं हातात, जबड्यात, पाठीत जायला लागलं, चालताना वाढायला लागलं, चक्कर येऊन पडली, तर थांबायचं नाही. पण तुमच्या बहिणीचं सगळं तपासून झालंय ना? तुम्हीच लिहिलंय. मग आता तिला बांधून ठेवायलीय ती तुमच्या वडलांची आठवण.

दुधनाकाठ:
आमच्या घरातलं दुःख तुम्ही मला शिकवू नका.

बालाघाटचा:
भाऊचं बरोबर आहे. आणि दवाखान्यात जा म्हणणं सोपं आहे. मला 2024 च्या दिवाळीआधी असंच झालं. ईसीजी चांगला होता, तरी एका खाजगी दवाखान्यात तीन दिवस आयसीयूत ठेवलं. सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता, मोंढ्यात मला चार हजारसुद्धा धड मिळाले नाहीत. चौदा क्विंटलचे पैसे त्या तीन दिवसांत गेले. घरी आल्यावर छाती धडधडायची ती बिल आठवून. डॉक्टर म्हणतो टेन्शन घेऊ नका. मी घेतो काय? ते आमच्या दारात येऊन बसलेलंय.

जुना_मास्तर:
सगळं वाचलं. कुणाला राग आला तरी बोलतो. वय अडुसष्ट आहे, दुष्काळ बघितला, भूकंप बघितला. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत लोकांनी पोटची लेकरं हातानं मातीतून काढली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. कुणाला पॅनिक झालं नाही. आताच्या पिढीला बस हलली तरी अटॅक येतो. मन कमकुवत झालंय, मोबाईलनं झालंय. सकाळी उठून दोन मैल चाला, सगळं जाईल.

सास्तूरची_लेक:
मास्तर, तुम्ही त्या दिवशी कुठं होता?

मी सात वर्षांची होते. विसर्जन करून सगळे झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी घर अंगावर आलं. आमची घरं दगडमातीची, वर माळवद, दोन-दोन हात माती. आजोबा आणि धाकटा भाऊ त्याच्याखाली राहिले. साडेसात हजारांवर माणसं गेली, आणि तुम्ही म्हणता दुसऱ्या दिवशी सगळे कामाला लागले. हो, लागले. प्रेतं जाळायचं काम होतं.

कुणाला पॅनिक झालं नाही? सरकारनं पक्कं घर दिलं, तरी माझी आई कित्येक वर्षं स्लॅबखाली झोपली नाही. अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची, पावसाळ्यातही. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला की हातातलं भाकरीचं पीठ तसंच टाकून बाहेर पळायची. छाती धडधड, अंगाला घाम, जीभ कोरडी. ताईंनी वर लिहिलंय तेच, शब्द बदलून. गावात तिला म्हणायचे, "हिनं धसका घेतलाय." नाव आमच्याकडं होतं, मास्तर. औषध नव्हतं. अजून पहाटे चारला ती जागी असते. मी फोन केला की पहिल्या रिंगला उचलते.

कमकुवत मनाची म्हणता? त्या बाईनं एकटीनं आम्हा दोघींना वाढवलं.

जुना_मास्तर:
बेटा, तुझ्या आईला मी काही म्हटलं नाही. पण धसका वेगळा. त्याला कारण होतं, जमीन हलली होती. ह्या ताई स्वतःच लिहितात की डोक्यात टेन्शन नव्हतं. विनाकारण येतो तो रोग कसला?

वसमतची:
मास्तर, विनाकारण आला म्हणून तर तो जास्त छळतो. कारण असलं तर माणूस कारण टाळतो. 10 जुलै 2024 ला सकाळी आमच्याकडं 4.5 चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. त्याआधी मार्चमध्येही झाला होता. आमच्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. धक्क्यानंतर माझा नवरा आठ दिवस ओट्यावर झोपला, त्याला कुणी काही म्हटलं नाही. मला महिन्यानं दुपारी कपडे वाळत घालताना अटॅक आला, तर सासरी म्हणाले नाटक करायलीय. आवाज झाला असता तर माझंही खरं ठरलं असतं.

सास्तूरची_लेक:
अगदी. आमच्याकडं पण बाप्यानं बाहेर झोपलं तर सावध, बाईनं झोपलं तर वेडी.

बालाघाटचा:
भूकंप, भूकंप चालू आहे. पाण्याचं कुणी बोलत नाही. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा रात्री टँकरची वाट बघत जागलेल्यांना काय धसका नव्हता?

गल्लीतलं_मेडिकल:
भूकंपावर एवढं लिहिलं, त्या मुलीचं बाजूलाच राहिलं. माझं दुकान आहे, मी रोज बघतो. अटॅकनंतर आठवड्यानं माणूस चिठ्ठीशिवाय येतो, "ती बारकी झोपेची द्या, शेजाऱ्याला गुण आला." मी देत नाही, पुढच्या गल्लीत मिळते. त्या गोळीनं घटकाभर शांत वाटतं, पण रोज घेतली की अंगवळणी पडते, मग एक पुरत नाही, आणि एकदम सोडली तर पहिल्यापेक्षा वाईट होतं. डॉक्टर पॅनिकसाठी दुसऱ्याही गोळ्या देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. लोक चार दिवसांत "फरक नाही" म्हणून बंद करतात. आणि कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असला तर ते जिवावर येतं.

वसमतची:
गोळ्यांना सरसकट नावं ठेवू नका दादा. मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दहा महिने घेतल्या, त्यांनीच हळूहळू कमी केल्या. त्या नसत्या तर समुपदेशनात काय सांगितलं ते डोक्यातच शिरलं नसतं.

गल्लीतलं_मेडिकल:
देखरेखीखाली म्हणालात, मग माझं काही म्हणणं नाही. ज्यांना जवळ डॉक्टर नाही त्यांनी 14416 लावावा. टेलिमानस आहे, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

जुना_मास्तर:
कमकुवत हा शब्द मागं घेतो. सास्तूरच्या पोरीनं लिहिलेलं दोनदा वाचलं. चालण्याबद्दलचं मत मात्र सोडणार नाही.

गोदाकाठची:
चालायला डॉक्टरबाईंनी मलाही सांगितलंय मास्तर. तेवढं तुमचं धरा.

दुधनाकाठ:
दोन दिवस लिहिलं नाही. ताई, तुमच्यावर चिडलो होतो, अजून थोडा आहे. बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, लिंबाखालच्या आजीचं पुन्हा वाच म्हणाली. मग म्हणाली, राजीनामा मी अजून दिलेलाच नाही, पर्समध्ये आहे. आम्हाला दिला म्हणून सांगितलं होतं.

नोकरीचं मी अजून हो म्हटलेलं नाही. हृदयाच्या डॉक्टरला एकदा परत दाखवणार, माझ्या समाधानासाठी. पण ती विचारायलीय, पहिल्या दिवशी कुठपर्यंत जायचं?

गोदाकाठची:
पुढच्या थांब्यापर्यंत. तुम्ही शेजारी बसा, पण हात धरू नका, आणि "कसं वाटतंय" असं सारखं विचारू नका. छाती धडधडली तर गाडी थांबवायला सांगू नका, थांबा येईपर्यंत बसू द्या. उतरून चहा प्या आणि त्याच गाडीमार्गानं परत या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. तिला सांगा, शक्य झालं तर खिडकीची जागा घे.