मुंबईच्या उकाड्यात कोंबुचा: बरणी, झाकण आणि बाटल्या यांबद्दल सल्ला हवा आहे

दादरकर (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरपासून मी घरी कोंबुचा, म्हणजे साखर घातलेल्या कोऱ्या चहाला विरजण लावून आंबवलेले पेय, करत आहे. थंडीचे तीन महिने सगळे सुरळीत चालले, पण मार्च उजाडला आणि गणित पार बिघडले. आता नवे सामान घ्यावे की आहे त्यातच फेरफार करावा, हे कळेनासे झाले आहे.

माझ्याकडे तीन भांडी आहेत: आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी, तोटी असलेली पाच लिटरची काचेची बरणी, आणि ऑनलाइन मागवलेली अरुंद तोंडाची बाटली, जिच्या बुचात एअरलॉक (वायू एकाच दिशेने सोडणारी झडप) बसवलेला आहे. प्रमाण लिटरला ७० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम चहापूड आणि आधीच्या घाण्यातले दीड वाटी आंबट पेय, असे ठरलेले आहे. आमचे स्वयंपाकघर पश्चिमेकडे असल्यामुळे दुपारी आत ३३-३४ अंश तापमान असते.

एअरलॉकच्या बाटलीतले पेय बारा दिवसांनंतरही गोडच राहते. त्याच दिवशी लावलेले तोटीच्या बरणीतले पेय मात्र सहाव्या दिवशी व्हिनेगरसारखे होते, शिवाय तोटीतून थेंब थेंब गळत राहते. आणि गेल्या आठवड्यात रात्री तीन वाजता क्लिपच्या झाकणाची चौकोनी बाटली फुटून काचा मोरीपर्यंत उडाल्या. कोणाला लागले नाही, पण हा उद्योग बंद करावा असे आईने बजावले आहे. खर्चाची मर्यादा दोन हजार रुपये आहे. आजीची बरणी वापरता आली तर आनंदच आहे.

मुलुंडची माई

आजीची बरणी वापरू नका. जुन्या बरण्यांच्या चकाकीच्या लेपात शिसे असू शकते, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि कोंबुचाचा पीएच (आंबटपणाचा आकडा; जितका कमी तितके पेय आंबट) ३ च्या आसपास असल्याने आठवडाभर त्यात मुरलेले आम्ल ते शिसे पेयात उतरवू शकते. धारावीच्या कुंभारवाड्यातून मडके आणण्याचा सल्ला कोणी देईल, तर तोही नको. बिनलेपाच्या मडक्याच्या छिद्रांत आंबट पेय झिरपून राहते आणि ते कधीच पुरते स्वच्छ होत नाही. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा तर विचारही करू नये. स्टीलच्या पातेल्यात चहा उकळायला हरकत नाही, पण मुरवण्यासाठी काचच उत्तम.

दादरकर (धागाकर्ता)

माई, त्याच बरणीतले लोणचे खाऊन आम्ही तीन पिढ्या वाढलो, हे आईचे उत्तर मी ऐकून घेतले आहे. तरीही यापुढे बरणीत खडेमीठच ठेवतो.

प्रयोगवहीवाली

तुमच्या पहिल्या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या, तरी दोन्हींच्या मुळाशी हवा आणि उष्णता यांचाच हिशेब आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विरजणाच्या चकतीत, म्हणजे पेयावर धरणाऱ्या त्या जाड सायीसारख्या थरात, दोन प्रकारचे कामकरी असतात. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते, तर ॲसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्या अल्कोहोलचे आम्लात रूपांतर करतात. या दुसऱ्या कामाला प्राणवायू लागतो. एअरलॉक आतला वायू बाहेर सोडतो पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे तुमच्या बाटलीत पहिला कामकरी राबत राहिला आणि दुसरा उपाशी बसला. पेय गोड लागले याचा अर्थ ते आंबलेच नाही असा नव्हे. त्यात अल्कोहोल तुमच्या समजुतीपेक्षा जास्त असण्याचा संभव आहे, तेव्हा ते मुलांना देऊ नका. एअरलॉक टाकून मात्र देऊ नका. गाजर-बिटाच्या कांजीला हवेची गरज नसते, तिथे तो छान चालतो.

कोंबुचासाठी रुंद तोंडाची बरणी आणि तिच्या तोंडावर कापड हेच बरोबर आहे. बरणी गळ्यापर्यंत भरू नका; जिथे तिचा घेर सर्वांत मोठा आहे तिथपर्यंतच भरा, म्हणजे हवेला भिडणारा पृष्ठभाग जास्त मिळतो. मलमलीच्या विरळ कापडातून चिलटे सहज आत शिरतात, म्हणून जुन्या सुती पंचाची दुहेरी घडी घेऊन रबराने घट्ट बांधा.

आता उष्णता. या पेयाला २४ ते २९ अंश मानवतात. त्यापुढे आंबटपणा इतक्या वेगाने वाढतो की एका दिवसाची दिरंगाईही भोवते. बरणीला ओले फडके गुंडाळण्याची युक्ती नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल, कारण तिथे पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. आपल्याकडे हवाच ओलसर, त्यामुळे फार तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि पावसाळ्यात तोही नाही. माझा उपाय स्वस्तातला आहे. औषधांच्या दुकानात थंड ठेवायची औषधे थर्माकोलच्या ज्या पेट्यांतून येतात, त्यांतली एक मागून घ्या. मासळी बाजारातली पेटीही आकाराने योग्य असते, पण तिचा वास जन्मात जात नाही, हे मी अनुभवाने सांगते. पेटीत बरणी ठेवून शेजारी अर्ध्या लिटरची बर्फ झालेली पाण्याची बाटली ठेवा आणि ती सकाळ-संध्याकाळ बदला. झाकण पूर्ण बंद करू नका, दोन बोटांची फट ठेवा. हवा लागते हे वर सांगितलेच आहे. लांब तारेचा अंकीय थर्मामीटर आत सोडला की अंदाजपंचे कारभार संपतो.

एवढे करायचे नसेल तर दिवस कमी करा. जानेवारीत मला नऊ-दहा दिवस लागतात, मे महिन्यात मी पाचव्या दिवसापासून रोज चव घेते. मोजमापासाठी २.५ ते ४.५ या टप्प्याच्या पीएच पट्ट्या घ्या, कारण १ ते १४ च्या पट्टीवर ३ आणि ३.५ यांतला फरक ओळखू येत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या आसपास प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करा.

लॅक्टोमीटरप्रेमी

थोडी भर घालतो. घनता मोजण्यासाठी वेगळा हायड्रोमीटर घेण्याआधी घरातला दुधाचा लॅक्टोमीटर काढा. ज्यावर ० ते ४० असे आकडे असतात, त्यावर २७ म्हणजे घनता १.०२७. लिटरला ७० ग्रॅम साखरेचे द्रावण जवळपास तेवढेच दाखवते, म्हणजे साखर नीट विरघळली की नाही हे लगेच कळते. मात्र आधी चहा खोलीच्या तापमानापर्यंत निवू द्या, नाहीतर आकडा कमी दिसतो. पेय आंबल्यावर या आकड्यावर फार विसंबू नका. तयार झालेली आम्लेही घनतेत भर घालतात आणि कांडीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात.

सोडावाटर

बाटली का फुटली, ते आकड्यांत पाहा. लिटरमागे ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो जवळपास त्या पेयाच्या स्वतःच्या आकारमानाएवढा भरतो. याला आपण एक पट म्हणू. तीन पट वायू म्हणजे चांगला जोरकस फेस. आता गंमत अशी की तेवढाच वायू ५ अंशांवर बाटलीत साधारण एका वातावरणाइतका (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) जादा दाब देतो, तर ३० अंशांवर साडेतीन वातावरणांच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेपेक्षाही जास्त. तुमच्या पेयात बाटलीत भरताना लिटरला ४० ग्रॅम साखर उरली असेल, तर ती सगळी आंबल्यास दहा पट वायू होईल. ते पेलणारी घरगुती बाटली नाही.

चौकोनी बाटल्या शोभेच्या असतात. दाबाचा सगळा ताण त्यांच्या कोपऱ्यांवर येतो. गोल, जाड बुडाची, मुळातच फेसाळ पेयासाठी बनवलेली क्लिपची बाटली घ्या. चोर बाजारात जुन्या गोळीच्या सोड्याच्या बाटल्या मिळाल्या तर मोह आवरा. हायरम कॉड याची ती रचना १८७०च्या दशकातली, देखणी आहे यात वादच नाही. पण ती उलटी धरून दाबाखाली भरावी लागते, गळ्याच्या खाचेत ब्रश जात नाही, आणि जुन्या काचेत केस-चिरा असू शकतात.

मी तर नवशिक्याला काच घेऊच नका असे सांगेन. थंड पेयांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, ज्यांच्या बुडाला पाच पाकळ्या असतात, त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात आणि फुकटात मिळतात. साध्या पाण्याची पातळ बाटली नको. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून भरा आणि रोज दाबून पाहा. बोट आत जाईनासे झाले की सगळ्या बाटल्या ताबडतोब फ्रीजमध्ये. काचेच्याच वापरायच्या असतील, तर प्रत्येक घाण्यात एक प्लास्टिकची बाटली परीक्षेसाठी भरून त्याच फळीवर ठेवा, आणि काचेच्या बाटल्या बंद खोक्यात ठेवा. तुमच्या ३४ अंशांत मी त्यांना बाहेर एक दिवसाहून जास्त ठेवणार नाही.

ठाण्याचा पाहुणा

एवढे सामान जमतेच आहे, तर एअरलॉकच्या बाटलीत द्राक्षांची वाइन करून पाहता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रयोगवहीवाली

या धाग्यावर नको. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते घरच्यांपुरते का असेना. कोंबुचाच्या बाबतीतही सावध राहावे. अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्यात मोडते. उघड्या तोंडाची बरणी आणि वेळेवर फ्रीज हे दोन्ही याही कारणासाठी महत्त्वाचे आहेत.

मुलुंडची माई

गळणाऱ्या तोटीबद्दल कोणीच बोलले नाही. बहुतेक बरण्यांना एकच रबरी वॉशर असतो आणि तो बाहेरून बसवलेला असतो. सिलिकॉनचे दोन वॉशर आणून एक आतून व एक बाहेरून लावा, नट हातानेच घट्ट करा. पाना लावला की काचेला तडा जातो, माझी एक बरणी तशीच गेली. मग रात्रभर साधे पाणी भरून खाली वर्तमानपत्र ठेवा, सकाळी डाग दिसला तर कळेल. चमकदार मुलामा दिलेली प्लास्टिकची तोटी असेल तर ती काढून टाका, कारण आम्लाने मुलामा सुटतो. ३०४ दर्जाच्या स्टीलची घ्या.

दादरकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. पेटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने फुकट दिली, थर्मामीटर, स्टीलची तोटी, वॉशर आणि पट्ट्या मिळून खर्च मर्यादेत बसला, आणि पेटीतले तापमान २६ ते २८ अंशांत राहते. सातव्या दिवशी पीएच ३.१ आला, चव थंडीतल्यासारखी आहे. बाटल्या प्लास्टिकच्याच वापरल्या, त्यामुळे आईचा विरोधही मावळला आहे.

आता नवी शंका. कालपासून चकतीच्या कडेने पांढरा पातळ पापुद्रा दिसतो आहे. फेकून द्यावे का?

प्रयोगवहीवाली

पापुद्रा ओलसर, सुरकुतलेला आणि एकसारखा पांढरा असेल तर ते रानटी यीस्ट आहे; ते अपायकारक नसते, पण चव बिघडवते. कोरडा, लोकरीसारखा, हिरवा, काळा किंवा गोलगोल ठिपक्यांचा असेल तर ती बुरशी आहे, आणि मग चकतीसकट सगळा घाणा टाकून बरणी उकळत्या पाण्याने धुवावी लागेल. गार काचेवर एकदम उकळते ओतू नका, आधी कोमट पाण्याने विसळा. उजेडात फोटो काढून इथे टाका, म्हणजे पाहून सांगता येईल. तोपर्यंत त्यातले पेय पुढच्या घाण्यासाठी विरजण म्हणून काढू नका.