हार्ड डिस्क जाण्याआधी काय सांगते: कोल्हापूरकरांचे अनुभव

गेल्या वैशाखात, लग्नपत्रिकांच्या ऐन हंगामात, माझ्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. मी बिंदू चौकाजवळ अक्षरजुळणीचे काम करतो. त्या डिस्कवर ११ वर्षांत जुळवलेली पुस्तके, स्मरणिका आणि पत्रिका होत्या. ती अचानक गेली, असे मी सुरुवातीला सर्वांना सांगत होतो. परंतु शांतपणे आठवू लागलो तेव्हा ध्यानात आले की ती तीन आठवडे इशारे देत होती. एक ठरावीक फोल्डर उघडताना हिरवी पट्टी अर्ध्यावर अडून राही, संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर डिस्क तपासली जात असल्याची ओळ येई, आणि एका स्मरणिकेची फाइल उघडली तेव्हा निम्म्या पानांवर मजकुराऐवजी नुसते चौकोन दिसले. मी कधी व्हायरसला, कधी विजेला, तर कधी फॉन्टला दोष दिला आणि काम पुढे रेटले. ती डिस्क सध्या टेबलाच्या खणात पडून आहे.

आपल्यापैकी ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांना विनंती आहे की पहिले लक्षण कोणते दिसले, त्यानंतरच्या पहिल्या तासाभरात आपण काय केले आणि अखेरीस काय वाचले, हे तपशिलाने लिहावे. कंपनीचे किंवा दुकानाचे नाव नको. लक्षण आणि उपाय एवढेच पुरे.

करसल्लागार, राजारामपुरी

आमच्या कार्यालयात पहिले लक्षण टॅलीचा बॅकअप घेताना दिसले. एका अशिलाचा डेटा कॉपी होता होता थांबला आणि पडद्यावर ‘डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ असा संदेश आला. डिस्कने लिहून ठेवलेले तिला स्वतःलाच नीट वाचता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ असतो. मी डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून पाहिला, तर एरवी निळी असणारी चौकट पिवळी झाली होती आणि सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी खोळंबलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरील साठवणीच्या लहान कप्प्यांच्या) संख्येत, ८ दिसत होते. दुपारी तेथे १८ आले. हा आकडा प्रोग्रॅमच्या मूळ मांडणीत षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजण्याच्या, पद्धतीने दाखवला जातो, त्यामुळे १८ म्हणजे प्रत्यक्षात २४ सेक्टर होते. ही गोष्ट ठाऊक नसल्यास नुकसान आहे त्यापेक्षा कमी वाटते.

आमच्या लेखनिकाने विचारले, “साहेब, आधी पूर्ण स्कॅन लावून बघू का?” मी त्याला नको म्हटले, आणि त्या दिवशी घेतलेला तोच एक निर्णय आम्हाला तारून गेला असे मला आजही वाटते. स्कॅनला रात्रभर लागली असती आणि तेवढा वेळ ती डिस्क टिकलीच असती याची शाश्वती नव्हती. आम्ही कागदावर क्रम लिहिला: आधी टॅलीचा डेटा, मग जीएसटीच्या विवरणपत्रांच्या फाइली, मग ताळेबंद, आणि शेवटी स्कॅन केलेली बिले. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात, त्यामुळे जुने म्हणून काही सोडून देता येत नव्हते. सगळी डिस्क एकदम न ओढता एकेका अशिलाचा फोल्डर नव्या डिस्कवर घेतला, आणि जो फोल्डर अडेल तो सोडून पुढच्याकडे गेलो. रात्री साडेदहापर्यंत दोन फोल्डर वगळता सर्व निघाले. त्या दोघांची बिले त्यांच्याकडील कागदांवरून पुन्हा स्कॅन केली. तिसऱ्या दिवशी जुनी डिस्क संगणकाला दिसेनाशी झाली.

छायाचित्रकार, मंगळवार पेठ

माझा अनुभव लिहिताना अजूनही जड जाते. लग्नाच्या कार्यालयात फोटो उतरवून घेत असताना कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि दोन टेराबाइटची एक्स्टर्नल डिस्क, चालू स्थितीत, टेबलावरून फरशीवर पडली. उंची जेमतेम अडीच फूट असेल. उचलून पुन्हा जोडली तेव्हा आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला, मग क्षणभर शांतता, मग चकती मंदावत थांबल्याचा बारीक सुस्कारा, आणि पुन्हा तेच. आवरण हातात धरले की प्रत्येक टकटक बोटांना जाणवत होती.

त्या रात्री मी ती डिस्क किमान वीस वेळा जोडली असेल. लॅपटॉप बदलले, वायर बदलली. दुसऱ्या दिवशी एका दुकानात नेली, तेथे काउंटरवरच, डोक्यावर पंखा फिरत असताना, तिचे झाकण उघडले गेले. मलाही तेव्हा त्यात काही गैर वाटले नाही. पुढे पुण्यातील प्रयोगशाळेत भिंगाखाली जे दाखवले ते विसरता येत नाही: आरशासारख्या चकतीवर एक गोल करडी रेघ उमटली होती. वाचणारे हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते, आणि चकती मिनिटाला ५४०० फेरे घेते. पडताना वाकलेले हेड मी दर वेळी वीज देऊन त्याच जागी घासत होतो. पहिली टकटक ऐकून वायर काढली असती तर हेड बदलून बरेच काही निघाले असते, असे तेथील तंत्रज्ञाने सांगितले.

त्या डिस्कवर तीन लग्ने होती. तिन्ही घरी मी स्वतः जाऊन सांगितले. आता माझा कॅमेरा दोन कार्डांवर एकाच वेळी लिहितो, आणि दोन वेगळ्या डिस्कांवर प्रती होऊन त्यांतली एक बहिणीच्या घरी कसबा बावड्याला पोहोचेपर्यंत मी कार्ड पुसत नाही.

यंत्रशाळाचालक, उद्यमनगर

आमच्याकडे सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रांचे, प्रोग्रॅम ठेवलेला संगणक मधूनच गोठत असे, म्हणून डिस्क बदलायची तयारी केली होती. क्रिस्टलडिस्कइन्फोत पाहिले तर सी५ शून्य होते, फक्त सी७ हा आकडा वाढत होता. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वायरीतल्या चुका मोजतो. ती वायर, म्हणजे साटा केबल, बदलल्यावर वाढ थांबली. जुना आकडा मात्र तसाच राहतो, तो कमी होत नाही. तरीही प्रोग्रॅमची प्रत आम्ही आधी घेतली आणि केबल नंतर काढली.

संगणक दुरुस्ती करणारा, शाहूपुरी

हे काम करत मला १८ वर्षे झाली. वरील अनुभव वाचून काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात.

आवाज येणारी डिस्क आणि आवाज न करता अडणारी डिस्क यांचे दुखणे वेगळे असते. टकटक किंवा घासल्याचा आवाज आला तर वीज तोडावी. घरी करण्यासारखे त्यानंतर काही उरत नाही. लहान एक्स्टर्नल डिस्कला वीज अपुरी मिळाली तरी ती टकटकते, म्हणून ती पडलेली नसेल तर आखूड, चांगल्या वायरीने संगणकाच्या मागच्या पोर्टला एकदाच जोडून पाहावी, दुसऱ्यांदा नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय आजही लोक करतात. बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि असलेली आशाही जाते.

आवाज नसेल, पण वाचन अडत असेल, तर विंडोजमधील चेकडिस्क ही तपासणी लावू नये. ती फाइलींची व्यवस्था सुधारण्यासाठी आहे, मरणाऱ्या डिस्कमधून माहिती काढण्यासाठी नाही. खराब जागी ती तासन्‌तास डोके आपटत राहते आणि कित्येकदा फाइलींच्या नोंदीच काढून टाकते. आम्ही लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. ते आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवते, अवघड जागा नोंदवहीत लिहून ठेवते आणि शेवटी तेथे परतते. मध्येच वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू होते. वळवाच्या पावसात आमच्या भागात हा गुण फार कामी येतो.

एक इशाराही द्यावासा वाटतो. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्कॅनमध्ये पहिली चूक सापडलेल्या डिस्का पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट आढळली. पण बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख स्मार्ट नोंदींपैकी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींपैकी) एकीतही काही दाखवले नव्हते. त्यामुळे चौकट पिवळी झाली तर ताबडतोब हालचाल करावी, आणि निळी आहे म्हणून प्रत घेणे लांबवू नये.

बिंदू चौकातील दादा, आपण लिहिलेली लक्षणे खराब सेक्टरची दिसतात. आवाज येत नसेल तर ती डिस्क टाकू नका आणि जोडूनही पाहू नका.

मूर्तिकार, कुंभार गल्ली

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या कारखान्यात शिरले. गणपती महिन्यावर आले होते. मूर्ती उचलण्याच्या धावपळीत जमिनीवरचा संगणक राहून गेला आणि तीन दिवस पाण्याखाली राहिला. त्यात मागणीची यादी आणि वडिलांनी केलेल्या मूर्तींचे फोटो होते. मी डिस्क काढून उन्हात ठेवणारच होतो, तेवढ्यात पुण्याच्या भाच्याचा फोन आला. तो म्हणाला, “मामा, वाळवू नका, ओलीच ठेवा.” डिस्कच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक भोक असते, त्यातून पाणी आत जाते, ते वाळले की गाळ आणि क्षार चकतीला चिकटून बसतात. आम्ही ती ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली आणि रस्ते खुले झाल्यावर प्रयोगशाळेत पाठवली. २०१७ चे फोटो गेले, बाकीचे बहुतेक परत आले.

संशोधक विद्यार्थिनी, सागरमाळ

माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, होती. तिला फिरणारा भाग नसल्याने आवाजाचा प्रश्नच नव्हता. प्रबंधाचे चौथे प्रकरण लिहिताना फाइल जतन होईना, पण उघडत मात्र होती. एसएसडी शेवटी कधीकधी केवळ वाचण्यापुरती उरते, हे मला माहीत नव्हते. सुदैवाने मी संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याऐवजी आधी सगळे पेन ड्राइव्हवर घेतले. त्यानंतर बंद केलेला लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याला आपली डिस्क सापडलीच नाही.

अक्षरजुळणीकार, बिंदू चौक

शाहूपुरीतील भाऊ, आपले मन:पूर्वक आभार. डिस्क गेल्यानंतर मी ती दोनदाच जोडली होती. दोन्ही वेळा ती फिरत होती, आवाज नव्हता, फक्त नाव दिसून फोल्डर उघडत नव्हते. त्यात एका कवीचा संग्रह आहे, ज्याचे हस्तलिखितही आता कोणाकडे नाही. डिस्क फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. सोमवारी सकाळी दुकान उघडताच घेऊन येतो. सोबत तिच्या दुप्पट क्षमतेची रिकामी डिस्क आणतो, आणि तोवर जुनीला वीज देत नाही.